नेम

परशरामनं टोस्टचा तुकडा वर उडवला. खंड्या मागच्या दोन पायांवर उठला, हवेत तोंड उघडून त्यानं कपकन मिटलं, आणि तुकडा त्याच्यापासून हातभर लांब, तुळशीकट्ट्याजवळ जाऊन पडला.

"अरं मुडद्या, वर बग की! हाताकडं बग!"

सात महिन्यांचं कुत्रं ते. शेपूट हलवत त्यानं फरशीवरचा तुकडा खाल्ला आणि परत समोर येऊन बसलं.

रविवारची सकाळ होती. येळ्ळूरची पोरं बेळगावच्या शाळांत सोडणारी परशरामची व्हॅन धुऊन दारात उभी होती. नऊ वर्षं तो ती चालवत होता. गाडीतली पोरं त्याला मामा म्हणत. आमचा खंड्या हवेतल्या हवेत टोस्ट झेलतोय, असं शुक्रवारी त्यानं पोरांना सांगून टाकलं होतं. आता उद्या पोरं बघायला येणार, आणि अर्धा पुडा संपला तरी एक झेल नाही.

"ह्याच्या डोळ्यातच खोट हाय," तो म्हणाला.

त्याची बायको मनुबाई अंगणासमोरच्या सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मघापासून तिचं लक्ष सुपात कमी आणि अंगणात जास्त होतं. ती उठली. पुड्यातला एक तुकडा घेऊन तिनं सहज खालूनच उडवला. खंड्यानं तो झेलला. दुसराही झेलला. तिसरा तिनं मुद्दाम उंच टाकला, तोही त्यानं उडी मारून वरच्यावर घेतला.

"शिकलं की गं!" परशराम खुलला. "आता माझा बग."

त्यानं हात उचलला. पण या वेळी खंड्यानं हाताकडं बघितलंच नाही. तुकडा सुटायच्या आधीच तो उठला, तुळशीकट्ट्याजवळ गेला आणि फरशीला नाक लावून उभा राहिला. तुकडा तिथंच पडला.

मनुबाईनं पुडा नवऱ्याच्या हातातनं काढून घेतला.

"कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"हात पुढं करा. दोन्ही."

तिनं आपली बोटं त्याच्या दोन्ही मुठींत दिली. "दाबा."

डाव्या मुठीत तिची बोटं चेंगरली. उजव्या मुठीत तिला नुसता घाम लागला.

"उजवा बी दाबा की."

"दाबालोय गं."

परशराम पायरीवर बसला.

"बुधवारपासनं चावी फिरंना झालीय," तो म्हणाला. "डाव्या हातानं फिरवालोय. वाटलं, अवघडला आसंल हात."

"आनी?"

"आनी काय न्हाय."

"आनी काय झालंय, सांगा."

"गुरुवारी पाण्याच्या पाटाजवळच्या वळणावर गाडी वळलीच न्हाय. मी वळवालतो, पण स्टेअरिंगच सुटलं हातातनं. पुढचं चाक पार कडंच्या मातीत गेलतं. मग डाव्या हातानं वडली कशीबशी."

"आनी पोरं?"

"पोरं हसालती. मामा, परत एकदा करा म्हणून वरडालती."

मनुबाई होती तिथंच खाली बसली. पुड्यातला चुरा तिच्या लुगड्यावर सांडला, तो खायला खंड्या आला. तिनं त्याला हाकललं नाही.

"शेजारच्या भावकूला रिक्षा काढायला सांगते," थोड्या वेळानं ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

"जाऊ की. उद्याची एक खेप करून येतो, मग जाऊ. परीक्षा हाय पोरांची."

"मग आदी त्यांच्या आयांना फोन करा. गुरुवारी चाक कुठं गेलतं त्ये सांगा. त्या हूं म्हटल्या तर जावा."

परशरामनं बायकोकडं बघितलं. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. त्यानं व्हॅनकडं बघितलं. मग खिशातनं मोबाइल काढला.

पहिल्याच थांब्यावर चढणारी आरोही. तिची आई वसुधा मॅडम शाळेत शिकवायच्या. त्यांनी लगेच फोन उचलला.

"मॅडम, उद्या गाडी येनार न्हाय."

"अगं बाई! गाडीला काय झालं, मामा?"

"गाडी बरी हाय."

"मग?"

मनुबाई समोर उभी राहून ऐकत होती.

"माझा हात चालंना झालाय, मॅडम. गुरुवारी गाडी पाटाकडं गेलती. तुमची आरोही पुढच्या सीटवरच होती. तवाच सांगाय पायजे होतं. सांगितलं न्हाय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"ती सांगत होती घरी आल्यावर," वसुधा मॅडम हळूच म्हणाल्या. "मामांनी आज गाडी नाचवली म्हणून. मी पण हसले."

"ठेवतो मॅडम," तो म्हणाला.

फोन बंद करायला त्यानं उजवा अंगठा लाल खुणेवर नेला. अंगठा बाजूला पडला. परत नेला, परत बाजूलाच पडला. दात आवळून त्यानं तिसऱ्यांदा नेला.

"मामा?" फोनमधून आवाज येत होता. "मामा, घरात कोण आहे का तुमच्याजवळ? मामा?"