पुण्याचा डिंक

पट्टी ॲसिडातून बाहेर काढली तेव्हा भार्गवीला आधी वाटलं, आपण भलत्याच भांड्यात हात घातला. पोलाद जसं आत सोडलं होतं तसंच बाहेर आलं होतं. शेजारच्या भांड्यातली, नुसत्या ॲसिडात ठेवलेली पट्टी मात्र काळवंडून झिजली होती.

जुरोंग आयलंड या परदेशातल्या औद्योगिक बेटावरच्या कारखान्यांत पाइपांचा गंज ॲसिडने काढतात. ॲसिड गंज खातं आणि त्याच्याबरोबर पाइपही खातं. ते थांबवणारी रसायनं विषारी असतात. त्यांच्याऐवजी झाडाचा डिंक चालेल का, एवढाच भार्गवीच्या संशोधनाचा प्रश्न होता. बाजारातल्या डिंकाने आतापर्यंत जेमतेम काम केलं होतं. प्रकल्प संपत आला होता आणि तो संपला की तिथे राहून काम करायचा परवाना, तिचा वर्क पासही, संपणार होता. या प्रकल्पाच्याच भरवशावर तिने पुण्याच्या कॉलेजातली नोकरी नाकारली होती. "तेलही गेलं, तूपही गेलं," असं तिचा नवरा अंकुर जेवताना चिडवायचा.

शेवटचा उपाय म्हणून तिने पुण्याला आईला फोन केला होता.

"आई, अर्धा किलो बाभळीचा डिंक पाठव. बारीक कुटून. प्रयोगाला हवाय."

एरवी दहा प्रश्न विचारणाऱ्या आईने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "पाठवते हो. पण त्या ॲसिडापाशी फार उभी राहू नकोस. जपून राहा."

बिशान या तिच्या वस्तीतले शेजारी दीनानाथकाका पुण्याहून येताना पुडा घेऊन आले. पूड खमंग वासाची होती, पण आईच्या फडताळातली कुठली वस्तू खमंग नसायची? पाण्यात ती जरा गढूळ झाली. गावठी डिंक म्हटल्यावर एवढं चालायचंच.

भार्गवीने प्रयोग पुन्हा केला, आणखी एकदा केला. पट्टी दर वेळी तशीच लखलखीत. आपला तो बाब्या म्हणावं, तर वजनकाटाही तेच सांगत होता. तिला इतका आनंद झाला की लॅबमध्ये कुणी नाही असं बघून ती थोडी रडली.

कारखान्याचे इंजिनिअर मिस्टर टान मुद्दाम बघायला आले. त्यांनी पट्टी खिडकीपाशी नेली, अंगठ्याने चोळली.

"ओन्ली गम?"

"ओन्ली गम," भार्गवी सगळ्यांसमोर ठामपणे म्हणाली.

"धिस वन कॅन, लाह," ते तिथल्या इंग्रजीत म्हणाले. म्हणजे, हे चालेल.

खऱ्या पाइपवर चाचणी घ्यायचं ठरलं. ती जमली तर प्रकल्पाला मुदतवाढ नक्की, असं तिच्या प्रोफेसरांनी सांगितलं. बिशान स्टेशनच्या बाहेर येताच तिने आईला फोन लावला.

"आई, अगदी तसाच डिंक हवाय. पाच किलो."

"पाच किलो? अगं, एका बाळंतपणाला एवढे लाडू कोण खातं?"

"कुणाचं बाळंतपण?"

आईचा सूर एकदम बदलला.

"म्हणजे तो खरंच प्रयोगाला हवा होता? मला वाटलं, लाजून तसं म्हणतेयस. म्हणून तर घरच्या साजूक तुपात छान फुलवून मग कुटला ना मी."