गोणपाटाचे जोडे

स्वित्झर्लंडची कॉफी आमच्या खिंडीतून चोरून इटलीत यायची, तेव्हा माणसांच्या पाठीवर दोन पट्ट्यांचं ओझं आणि पायांत गोणपाटाचे जोडे असत. शिपायांना चाहूल लागायची नाही. देल्मोकाका तसेच गेले, ते परतलेच नाहीत.

आता तिथं मोटारी फोटोंसाठी थांबतात. ओर्तेन्सियाकाकू मात्र दर उन्हाळ्यात काकांसाठी एक जोड शिवून उंबऱ्यावर ठेवते. सकाळी त्याचे तळ झिजलेले असतात.

काल ती लहान जोड शिवत होती.

"हा कुणाला गं?"

"मला. हे म्हणतात, आता एकट्याला ओझं झेपत नाही."

"अंथरुणातून उठवत नाही तुला, आणि खिंड चढणार?"

"तू आपली पोलेंता ढवळ. करपतेय."

आज सकाळी काकू गाढ झोपली होती. पांघरूण सारखं करताना पायांतले जोडे दिसले, पार झिजलेले. आणि तिच्या एकाच खांद्यावर पट्ट्याचा ताजा वळ.