व्हाइस प्रिन्सिपलची आई

“माय डॉटर, व्हाइस प्रिन्सिपल,” कांताबाईंनी दातांच्या डॉक्टरला सांगितलं. दाढ नुकतीच काढली होती, तिच्या जागी कापूस दाबलेला होता, तरी सांगितलं. डॉक्टर म्हणाला, व्हेरी गुड, आता अर्धा तास एक शब्द बोलायचा नाही.

दीपा आईचा कोट धरून शेजारी उभी होती. अर्धा तास. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

सोमवारी तिने स्कूल बोर्डाला पत्र दिलं होतं. सप्टेंबरपासून व्हाइस प्रिन्सिपलपद नको, नववीच्या वर्गावर सायन्स शिकवायला पाठवा. बोर्डाच्या साहेबाने पत्र दोनदा वाचलं आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. मग म्हणाला, शुक्रवारपर्यंत विचार कर, तोवर हे माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. आज गुरुवार होता. आणि रविवारी बुद्धजयंतीला आंबेडकर असोसिएशन तिचा सत्कार करणार होतं. स्मृतिचिन्ह छापून आलं होतं, सोनेरी अक्षरांत हुद्द्यासकट. नवरा राजरत्न ते बघून आला होता. “छान आहे. जड आहे. आईंना तू सांग, मी त्या दिवशी कामासाठी वॉनला असेन,” तो म्हणाला. ती कोणत्या दिवशी सांगणार, ते त्याने विचारलंही नव्हतं.

कांताबाई नागपूरला महापालिकेच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिपाई होत्या. घंटा द्यायची, वर्गावर्गांत नोटीस फिरवायची, मास्तरांना पाणी द्यायचं, रोज सकाळी हेडमास्तरांची खुर्ची पुसायची. त्यांची लेक तशा खुर्चीत बसते म्हणजे काय, हे दीपाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कांताबाई ते बसमधल्या पंजाबी बाईला सांगत, घर तापवणारं फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगत. समोरच्याने नाव विचारायच्या आधी सांगत.

दीपा वर्गावर होती तेव्हा त्या कोणालाच काही सांगत नसत. संध्याकाळी मेथी निवडता निवडता फक्त विचारत, “आज काय शिकवलं?” आणि ॲसिड असो नाहीतर बेडकाचं काळीज, शेवटपर्यंत ऐकत. ती ऑफिसात गेली आणि तो प्रश्न बंद झाला. साहेबांना असलं काही विचारत नसतात, असं दीपाने समजून घेतलं.

तसं सांगण्यासारखंही काही नव्हतं. सहा वर्षांत तिने वॉशरूममध्ये व्हेप ओढणारी पोरं पकडली. फोन जप्त केले. मुलाला ‘ॲव्हरेज’ म्हटलं म्हणून चार पानी ईमेल लिहिणाऱ्या आईला पाच पानी उत्तर दिलं. रिसायकलिंगचा दुसरा डबा कुठे ठेवावा यावर सहा जणांची मीटिंग घेतली. डबा होता तिथेच राहिला.

मग फेब्रुवारीत एका सकाळी थंडी-बर्फासाठी कुप्रसिद्ध असलेल्या सस्काटूनलाही लाजवेल असा बर्फ पडला. बदलीवरचा टीचर पोहोचला नाही, आणि नववीच्या वर्गावर दीपा स्वतः गेली. एक बॅटरी, दोन वायरी, एक बल्ब. पेटवून दाखवा, म्हणाली. पूर्ण तासात एकाही पोराला वॉशरूमला जावंसं वाटलं नाही. बाहेर पडताना एक मुलगी थांबली. “वेट, मिस, यू वर अ रिअल टीचर?”

दीपा ऑफिसात आली, दार लावून घेतलं, आणि त्या दिवशी एकाही ईमेलला उत्तर दिलं नाही.

आता मार्कहॅम रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, “आई, मी ऑफिस सोडतेय. परत वर्गावर चाललेय. सायन्स.”

कांताबाईंनी मान वळवली. भुवया वर गेल्या. त्यांनी आधी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं, मग घड्याळाकडे. अजून बावीस मिनिटं होती. आयुष्यभर घंटा दिलेली बाई, वेळेच्या आधी काही करणाऱ्यातली नव्हती.

मग दीपाच बोलत राहिली. मला कोणी काढलं नाही, मीच मागून घेतलं. स्मृतिचिन्हावरचा हुद्दा बदलता येईल, नाही बदलला तरी कोण वाचतंय. बल्बचंही सांगितलं, जरा लांबवूनच सांगितलं. मनात मात्र तिने ठरवून टाकलं होतं, आई रडली तर पत्र परत घ्यायचं.

घरी आल्यावर कांताबाई कोटसकट किचनमधल्या खुर्चीवर बसल्या. डोळे भरून आले होते. एक थेंब खाली आला, मग दुसरा.

दीपाने फोन काढला. “राहू दे, आई. मी साहेबांना आत्ता कळवते. पत्र परत घेते.”

कांताबाई उठल्या. तिच्या हातातला फोन काढून घेतला, सिंकपाशी गेल्या आणि आठ मिनिटं बाकी असताना कापूस थुंकून टाकला.

“थांब,” त्या बधिर जिभेने म्हणाल्या. “वर्ग देऊन राहिले ना तुले? पक्का?”

“हो. तीन वर्ग.”

“तीन.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “आमच्या शाळेत ज्या मास्तराले शिकवता येत नव्हतं, त्याले वर्गातून काढून ऑफिसात बसवत. हेडमास्तर असाच झाला होता.”

दीपा खुर्ची ओढून बसली.

“कांताबाईच्या पोरीले वर्गातून काहून काढलं, असं कोणी इचारू नये,” कांताबाई म्हणाल्या, “म्हणून सहा वर्षं मीच आधी सांगून टाकलं, मोठी साहेब हाये.”