पाणचक्कीवालीचं पुढे काय झालं

“थांबलीस का? वाच पुढे,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेने पुस्तक मांडीवर उपडं ठेवून डोळे चोळले. सकाळी सहापासून ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत उभी होती. इस्त्रीच्या गरम रुळाखाली ओल्या चादरी सरकवायच्या, पलीकडून निघाल्या की घड्या घालायच्या. पायांत त्राण उरलं नव्हतं. घरी येऊन स्वयंपाक, भांडी, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब, आणि मग ही रोजची तासभर कादंबरी. तास चुकला तर सासूबाई बोलायच्या काही नाहीत, फक्त दोन घास कमी खायच्या. त्यापेक्षा बोलणं परवडलं असतं.

त्यांची नजर गेल्याला तीन वर्षं झाली होती. चर्चच्या लायब्ररीतून दर रविवारी एक पुस्तक यायचं, आणि ते कसं हवं हे ठरलेलं होतं. काळ जुना हवा. लढाई हवी, नाहीतर रोगाची साथ. नवरा लवकर गेला पाहिजे आणि बाई मोडता कामा नये. शंभराव्या पानानंतर एखादा भला माणूस आला तर हरकत नव्हती, पण त्याने मनापासून प्रार्थना करावी आणि फार बोलू नये. या कादंबऱ्यांतल्या बायका तिसाव्या पानावर नवऱ्याला मूठमाती द्यायच्या आणि एकतिसाव्या पानावर शेत पेरायला घ्यायच्या.

“आई, या बायकांची कंबर दुखत नाही का हो?” सुनेने एकदा विचारलं होतं.

“दुखते की. पण लिहिणाऱ्याला कोण सांगत बसणार,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

खरं तर सुनेलाही त्या बायका आवडायला लागल्या होत्या. चादरी सरकवता सरकवता ती कालच्या प्रकरणात असायची. तिचाही नवरा लवकरच गेला होता, चार वर्षांपूर्वी. सासूबाईंचा एकुलता एक मुलगा. आणि आता तिच्याही गोष्टीत शंभरावं पान आलं होतं. चर्चची बाकं दुरुस्त करायला आलेला सुतार विधुर होता, कमी बोलणारा होता. बंदराच्या गावी त्याला कायमचं काम मिळालं होतं. “लग्न करून बरोबर याल का? शनिवारपर्यंत सांगा,” एवढंच त्याने विचारलं होतं.

तिला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. सासूबाईंना ठेवायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. नणंद मागच्याच गल्लीत राहायची आणि आईला माझ्याकडे पाठव म्हणून सारखी मागे लागायची. पण जिचा मुलगा गेला, तिची सूनही आपणच काढून न्यायची, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आज गुरुवार. उद्या सुताराला नाही सांगून मोकळं व्हायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आणि नेमकं आज हे पान समोर आलं. कादंबरीतली विधवा पाणचक्की चालवायची. युद्धात, दुष्काळात तिने चक्की थांबू दिली नव्हती, म्हाताऱ्या सासूला उपाशी झोपू दिलं नव्हतं. आता एक नावाडी तिला नदीपलीकडे बोलावत होता. पुस्तकात लिहिलं होतं : तिने सासूच्या कपाळावर ओठ टेकले, दार उघडलं आणि ती नदीकडे निघाली.

सुनेने घसा साफ केला. “तिने दार लावून घेतलं,” ती वाचू लागली, “आणि ती चुलीकडे वळली. नावाड्याने वाट पाहिली आणि नाव सोडली. तिला वाईट वाटलं नाही. देवाने तिला इथेच काम दिलं होतं...” एकदा सुरू झाल्यावर तिला सुचतच गेलं. पाणचक्कीवालीने पीठ दळलं, सासूला खाऊ घातलं, हिवाळा काढला, पुढचा वसंत ऋतूही काढला.

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “असंच लिहिलंय?”

“हो आई. असंच.”

“एवढा हिवाळा गेला, वसंत आला, आणि तू पान काही उलटलं नाहीस.”

सुनेचा हात पुस्तकावर तसाच राहिला.

“कोण आहे गं?” सासूबाईंनी विचारलं.

“सुतार,” ती कशीबशी म्हणाली. “बाकांचं काम केलं तो.”

“माझं बाक आता हलत नाही. हाताला बरा दिसतोय,” सासूबाई म्हणाल्या. “जसं लिहिलंय तसं वाच.”

“नाही आई. मी नाही जायची. तुम्हाला टाकून मला नाही जमणार.” आता मात्र ती रडायला लागली. दिवसभराचं, चार वर्षांचं, सगळं एकदमच बाहेर आलं.

सासूबाईंनी तिचं रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग चाचपडत तिचा हात शोधला.

“ही गोष्ट मीसुद्धा वाचून दाखवली आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूला. माझा नवरा गेला तेव्हा मी तुझ्याच वयाची होते, पोरं लहान होती. मलाही एकाने विचारलं होतं. या पानाशी आले आणि मीही पाणचक्कीवालीला घरीच ठेवली.”

“त्यांना कळलं नाही?”

“कळलं की. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कान चांगले होते. ‘राहिली ते बरं झालं बाई,’ म्हणाल्या आणि कुशीवर वळून झोपल्या.” सासूबाईंनी तिच्या मांडीवरचं पुस्तक चाचपलं. “चाळीस वर्षं दर रविवारी मी प्रभूला सांगते, मी त्यांना माफ केलं म्हणून. दर रविवारी त्याच्यासमोर खोटं बोलते.”