बादलीतला व्हॉल्व्ह

वरच्या मजल्यावरच्या ॲग्नेस तुओमीनं घर सोडावं म्हणून गेल्या जानेवारीत घरमालक लाइलनं तळघरातला तिच्या पाण्याचा व्हॉल्व्ह पाना लावून आवळला. इतका, की तो कायमचा अडकला.

म्हातारी हटली नाही. बर्फ वितळवून कॉफी करायची. एका सकाळी बर्फ भरायला बादली घेऊन उतरली आणि पायरीवरच गोठून मेली.

आज नवे भाडेकरू येणार होते. लाइलनं जुना व्हॉल्व्ह करवतीनं कापून त्याच बादलीत टाकला, नवा बसवला आणि पाणी सोडलं.

बादलीत काहीतरी कुरकुरलं. दोन्हीकडून कापलेल्या त्या व्हॉल्व्हचं चाक हळूहळू फिरत होतं.

"लाइल, पाणी का बंद केलंस रे?" वर टब घासणारी त्याची बायको डोरीन ओरडली. "हात साबणानं भरलेत माझे!"

"मी कुठे बंद केलंय!" नवा व्हॉल्व्ह उघडाच होता.

त्यानं जुन्याचं चाक मुठीत धरून उलटं फिरवायला पाहिलं. ते त्याच्या मनगटासकट आणखी आवळलं.

"बोल की, लाइल!"

त्यानं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. थेंबभर थुंकी उरली नव्हती.

चाकाचे अजून बरेच फेरे बाकी होते.