मध्यंतरातला खुनी

"आपले विल्फ्रेड ऑर्मरॉड आज आपल्यात नाहीत. माळ्याची भूमिका तशी लहानशी, पण ते ती मनापासून करायचे." दिग्दर्शक डेस्मंड रंगमंचावरून एवढंच बोलले आणि पडदा वर गेला.

चौथ्या रांगेत बसलेल्या हेस्टरच्या अंगाची लाही लाही झाली. लहानशी! बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. समुद्रकाठच्या या नाट्यगृहात दर उन्हाळ्यात हेच रहस्यनाट्य लागायचं, आणि शेवटच्या अंकात खुनाची कबुली द्यायचा तो माळीच. बाबा ती कबुली देत तेव्हा प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नसे.

मध्यंतरात तिने डेस्मंडना आइस्क्रीमच्या रांगेपाशी गाठलं.

"लहानशी भूमिका? अख्खं नाटक बाबांच्या जिवावर चालायचं!"

"हळू बोल, पोरी. खुनी कोण ते मीच सांगून टाकू? बाहेर जाऊन फोडू नका म्हणून आपणच लोकांना हात जोडतो ना?"

"म्हणजे मेल्यावरही त्यांनी फुलझाडांना पाणीच घालायचं? वर्तमानपत्रात 'साधा माळी', चर्चमध्ये पाद्रीही तेच बोलले. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते सगळ्यांना!"

"हेस्टर, अगं, ऐक तरी..."

ती तरातरा जागेवर येऊन बसली. सुरुवात शेजाऱ्यांपासूनच करायची. शेजारी एक वयस्कर जोडपं हुज्जत घालत होतं.

"खून भाचीनेच केलाय. लिहून देते," बाई म्हणाल्या.

"तुझा राग आपल्या भाचीवर, तो तू हिच्यावर काढतेस," नवरा म्हणाला. "मला तर तो माळी सरळ वाटत नाही. कात्री कशी धरतो, बघितलंस?"

हेस्टर चपापली. नवा नट कात्री सुरीसारखी धरत होता, हे तिलाही खटकलं होतं. बाबा माळी होते तेव्हा मध्यंतरात माळ्याचं नाव कधी कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. एकदाही नाही. लोक भाचीवर, डॉक्टरवर, स्वयंपाकिणीवर संशय घ्यायचे. माळ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

दिवे मंद होऊ लागले. ते गृहस्थ तिच्याकडे झुकले.

"तुम्हाला काय वाटतं हो? माळीच ना?"

हेस्टर त्यांच्याकडे वळली.

"माळी?" ती हसली. "छे हो! गुलाबाची फांदी छाटतानासुद्धा त्याचा जीव कळवळतो."