फळीचं टोक

जामखेडजवळच्या विहिरीत रंभाजींनी लेकीला उडी मारायला शिकवलं आणि तीच भारती पुढे स्प्रिंगबोर्डवरून सूर मारत राष्ट्रीय विजेती झाली. आज नगरच्या जलतरण तलावावर तिचा सत्कार होता आणि सगळं गाव तिची उडी बघायला आलं होतं. ती फळीच्या टोकाशी उभी राहिली, पण पाणी किती खाली आहे तेच कळेना. वर्षानुवर्षं पाण्याचा मार खाऊन उजव्या डोळ्याचा पडदा फाटला होता. आणखी एक उडी मारलीस तर डावाही जाईल, असं डॉक्टरांनी कालच बजावलं होतं. ती शिडीने उतरली. लोक हसले. “भ्यालीस व्हय गं?” रंभाजींनी विचारलं. खरं सांगितलं तर आबा जन्मभर स्वतःला दोष देतील, हे तिला ठाऊक होतं. “व्हय आबा, भ्याले.” तिच्यासाठी उघडून धरलेला टॉवेल बाकावर टाकून रंभाजी एकटेच फाटकाकडे निघाले.